नापास मुलाचे ठसे

आपल्या घरातली एखादी जुनी तांब्याची घागर डोळ्यांसमोर आणा. तिच्या गळ्याखाली बारीक टिंबांनी टोचून घातलेले नाव असते. कोणाच्या लग्नात कोणी दिली, साल कोणते, असा सगळा मजकूर त्यात येतो. भांड्यांच्या दुकानात बसलेला माणूस लहानशा हातोडीने अणकुचीदार खिळ्यावर ठोके देत देत हे नाव घालतो, आणि लहानपणी त्याच्यासमोर आपण सगळेच तोंडात बोट घालून उभे राहिलेलो असतो. आता अशी कल्पना करा, की त्या नावावर आपण काजळ चोळले, वरवरचे काजळ फडक्याने पुसून घेतले आणि त्यावर ओलसर कागद घट्ट दाबला. काय होईल? खाचांत अडकून राहिलेले काजळ कागदावर येईल आणि नाव उमटेल. मात्र ते उलटे उमटेल, आरशात दिसावे तसे. तांब्याच्या पत्र्यावरून चित्र छापण्याची विद्या मुळात एवढीच आहे.

शाळेत चित्रकलेच्या तासाला मुले बटाटा कापून त्याचे ठसे उमटवतात, तो प्रकार याच्या बरोबर उलट. तेथे जे उंच राहते त्याला रंग लागतो आणि तेच कागदावर येते. लाकडाचा ठसा याच जातीचा. तांब्याच्या पत्र्यात जे खोल जाते ते छापले जाते. आपल्याकडे राजेरजवाड्यांनी जमिनी इनाम दिल्या त्या ताम्रपटावर अक्षरे कोरून. ते ताम्रपट वाचायचे आणि जपून ठेवायचे. तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापण्याचा उद्योग आपल्या मिरजेस १८०५ साली झाला, पण युरोपात हा धंदा त्याच्या किती तरी आधीपासून भरभराटीला आला होता. त्यातही हॉलंड, म्हणजे नेदरलँड्स, हा चिमुकला देश या कामात फार नावाजलेला. त्या देशातल्या हार्लेम गावी सोळाव्या शतकात हेन्ड्रिक गोल्ट्झियस नावाचा ताम्रकोरक होऊन गेला. अगदी लहानपणी त्याचा उजवा हात विस्तवात भाजला होता आणि बोटे कायमची आखडली होती. त्याच आखडलेल्या हातात कोरणी धरून त्याने असे काम केले, की साऱ्या युरोपात त्याचे ठसे विकले जात.

आज मला ज्याची कथा सांगायची आहे तो कलावंत याच हार्लेम गावी शिकला, पण आपल्या काळाच्या बराच जवळचा. त्याचे नाव मॉरिट्स कॉर्नेलिस एशर. त्याने जन्मभर ठसेच केले. पुष्कळसे लाकडावर, पुष्कळसे शिळाछापाच्या दगडावर, आणि तांब्याच्या पत्र्यावर मोजून आठ. त्या आठ पत्र्यांकडे मी शेवटी येणारच आहे. पण त्याच्याबरोबर आणखी एका माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. तो माणूस म्हणजे त्याचे मास्तर. शिक्षकवर्गाने हे भाषण थोडे अधिक लक्ष देऊन ऐकावे, अशी माझी विनंती आहे ती त्याचसाठी.

एशरचा जन्म १७ जून १८९८ रोजी लेउवार्डन गावी झाला. वडील मोठे स्थापत्य अभियंता. तरुणपणी जपान सरकारच्या नोकरीत राहून तेथल्या नद्या-बंदरांची कामे करून आलेले. पाच भावांत हा सर्वांत धाकटा. पुढे कुटुंब आर्न्हेमला राहायला गेले आणि तेथल्या शाळेत मुलाचे जे काही झाले ते आपल्यापैकी पुष्कळांना ओळखीचे वाटेल. तो दोन वेळा एकाच वर्गात राहिला, आणि १९१८ साली शेवटच्या परीक्षेत नापास झाला. गणितात तर त्याची कधी गतीच नव्हती. हे तो स्वतः म्हातारपणीही हसत हसत सांगे. चित्रकलेच्या तासाला तेवढे त्याचे मन रमे. तेथल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी त्याला लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून ठसे कसे काढावेत ते दाखवले होते.

वडिलांच्या मनात, मुलाने निदान घरे बांधण्याची विद्या शिकावी. इंजिनियराचा मुलगा, दुसरे काय सुचणार? म्हणून १९१९ साली त्याला हार्लेमच्या वास्तुशास्त्र आणि शोभाकलांच्या शाळेत घातले. त्या शाळेत ठसेकामाचा वर्ग घेत असत साम्युएल येसुरुन द मेस्किता. वय पन्नाशीचे, जातीने पोर्तुगालहून पूर्वी आलेल्या ज्यू कुळातले. स्वतः चौदाव्या वर्षी ॲमस्टरडॅमच्या मोठ्या कलाशाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसले होते आणि तेथे त्यांना नाकारले गेले होते. नकार म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

एशर शाळेत दाखल झाला त्याला जेमतेम आठवडा झाला असेल. आपले लिनोलियमचे ठसे बगलेत मारून तो मेस्कितांकडे गेला. त्यांनी ते पाहिले, मुख्याध्यापकांनाही दाखवले, आणि दोघांनी सल्ला दिला, की मुला, घरे बांधण्याच्या भानगडीत पडू नकोस, तुझे काम हे आहे. घडले ते एवढेच. फार तर पाच-दहा मिनिटांचे काम. पण एका नापास मुलाचे सारे आयुष्य त्या पाच-दहा मिनिटांनी वळवले. वडिलांचाही मोठेपणा असा, की त्यांनी हट्ट धरला नाही. मुलाच्या निर्णयाला मान दिला आणि पुढे कित्येक वर्षे पैशांची मदतही केली.

मेस्कितांनी त्याला लाकूड कसे निवडावे, कोरणी कशी धरावी, काळ्यातून पांढरे कसे काढावे ते शिकवले. ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातले पशुपक्षी हा मेस्कितांचा आवडीचा विषय. त्यांचे ठसे मोजक्या जाड रेघांचे, ठसठशीत. शिष्याचा स्वभाव वेगळा. त्याला बारीक, हिशेबी, कोडे घातल्यासारखे काम आवडे. १९२२ साली त्याने शाळा सोडली तेव्हा त्याला जो अभिप्राय मिळाला त्याचा सूर असा होता, की हा मुलगा फार काटेकोर, फार विचारी. भावनेचा आणि लहरीचा ओलावा कमी, म्हणजे कलावंत थोडाच. त्या अभिप्रायाखाली खुद्द मेस्कितांचीही सही होती! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याने मुलाला ओळखले, त्यालादेखील तो पुरता कळला नव्हता. आपला विद्यार्थी किती मोठा होणार याचा अंदाज शिक्षकाला अचूक यावा, असे नाही. त्याने वेळेवर दार उघडून दिले म्हणजे पुष्कळ झाले.

शाळा सोडून एशर इटलीत गेला. तेथेच त्याने १९२४ साली जेटा उमिकर या मुलीशी लग्न केले आणि रोममध्ये बिऱ्हाड थाटले. दर वसंतात पाठीवर पिशवी टाकून तो डोंगराळ मुलखात पायी हिंडे. कड्याच्या टोकाला चिकटून बसलेली गावे, त्यांच्यातले जिने, दऱ्या, चर्चचे मनोरे हे सगळे टिपून आणी आणि हिवाळ्यात त्याचे ठसे करी. छापखान्याचे यंत्रही त्याला लागत नसे. कोरलेल्या फळीला शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि हाडाच्या एका लहानशा चमच्याच्या पाठीने कागद इंच इंच घासत जायचे. एक ठसा काढायचा म्हणजे असे तासन् तास घासणे. हा त्याचा नेम त्याने पुढेही सोडला नाही.

पण इटलीत मुसोलिनीचे राज्य आले होते. एके दिवशी त्याच्या नऊ वर्षांच्या मुलालाही शाळेत फॅसिस्ट बालसेनेचा गणवेश चढवावा लागला. एशर काही राजकारणी माणूस नव्हता, पण हे त्याला सोसवले नाही. १९३५ साली त्याने इटली सोडली आणि स्वित्झर्लंड गाठले. तेथे चहूकडे बर्फ. त्याचे मन रमेना. तेव्हा त्याने एक मजेदार युक्ती केली. एका जहाज कंपनीला पत्र लिहिले, की मला आणि माझ्या बायकोला तुमच्या मालवाहू बोटीतून भूमध्य समुद्रावर फिरवून आणा; भाड्यापोटी पैशांऐवजी मी तुम्हाला माझे ठसे देईन. आपल्याकडे बलुतेदार धान्याच्या बदल्यात काम करी, तसाच हा सौदा. कंपनीने तो मानला! १९३६ सालच्या या प्रवासात तो स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा या जुन्या अरबी राजवाड्यात गेला आणि तेथल्या भिंतींवरची फरशांची नक्षी नवरा-बायकोने दिवसचे दिवस बसून उतरवून घेतली.

या नक्षीने त्याची दृष्टीच बदलली. एकाच आकाराच्या फरशा एकमेकींत अशा बसवलेल्या, की मध्ये तसूभर जागा रिकामी नाही. एशरच्या मनात आले, की या चौकटींच्या जागी पक्षी असले तर? मासे असले तर? १९३८ सालचा त्याचा ‘दिवस आणि रात्र’ हा ठसा पाहा. खाली शेतांचे चौकोनी तुकडे आहेत, आपण टेकडीवरून पाहावेत तसे. नजर वर नेऊ लागलो, की ते तुकडे हळूहळू पक्ष्यांचे आकार घेतात. पांढरे पक्षी उजवीकडे रात्रीत उडत जातात, काळे पक्षी डावीकडे उजेडात जातात, आणि पांढऱ्या पक्ष्यांमधली मोकळी जागा म्हणजेच काळे पक्षी. त्याच वर्षीच्या ‘आकाश आणि पाणी’ या ठशात खाली मासे पोहताहेत. वर वर गेले, की माशांमधल्या फटीच पक्षी होऊन आकाशात निघतात.

हा ठसा त्याने आपल्या मास्तरांना पाठवला. मेस्कितांनी तो आपल्या घरी लावून ठेवला. एकदा घरातले एक नातेवाईक तो पाहून म्हणाले, “साम्युएल, तुझ्या हातून इतका सुंदर ठसा आजवर झाला नव्हता.” ही हकीकत मेस्कितांनी स्वतः एशरला सांगितली. सांगताना त्यांच्या मनात असूया नव्हती, कौतुकच होते, असे एशर पुढे आवर्जून सांगत असे. शिष्याकडून हार खावी अशी इच्छा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. ते म्हणणे सोपे; प्रत्यक्षात तशी वेळ आली म्हणजे मन किती मोठे लागते, हे आपण शिक्षक मंडळी जाणतो.

मग महायुद्ध आले. १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजांनी हॉलंड घेतले. पुढच्या वर्षी एशर बेल्जममधून मायदेशी परत आला आणि बार्न गावी राहू लागला. नाझींनी कलावंतांसाठी एक सरकारी मंडळ काढले होते. त्याचा सभासद झाल्याशिवाय कोणाला चित्रे मांडता येत नसत. एशर सभासद झाला नाही. प्रदर्शने बंद पडली तर पडली, असे म्हणून तो घरी बसून काम करीत राहिला. ज्यू लोकांवर मात्र काळरात्रच आली होती. त्यांच्या नोकऱ्या गेल्या, कपड्यावर पिवळी चांदणी शिवणे सक्तीचे झाले, आणि मग घरेच्या घरे उचलून गाड्यांत कोंबली जाऊ लागली. मेस्किता आता पंचाहत्तर वर्षांचे होते. पत्नी आणि मुलगा यांच्यासह ते ॲमस्टरडॅमला राहत होते. एशर त्यांना भेटून येत असे.

१९४४ च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस तो असाच भेटीला गेला. घर रिकामे होते. ३१ जानेवारीच्या रात्री त्या तिघांना धरून नेले होते. दार उघडे होते, आणि आत मास्तरांच्या आयुष्याची कमाई, त्यांचे ठसे, त्यांची रेखाटने, जमिनीवर इतस्ततः पसरली होती. त्यांवरून माणसे बूट घालून चालली होती. एशरने आणि इतर काही मित्रांनी हाती लागले तेवढे कागद गोळा केले आणि सुरक्षित जागी नेऊन ठेवले. त्यांपैकी एका कागदावर शिपायाच्या नालबंद बुटाचा ठसा स्पष्ट उमटला होता. एशरने तो पुसला नाही. हा कागद कोठे आणि केव्हा सापडला, हे त्याने त्याच्या पाठीमागे लिहून ठेवले, आणि तो कागद जन्मभर सांभाळला.

मेस्किता आणि त्यांची पत्नी यांना आउश्वित्झच्या छावणीत नेऊन ११ फेब्रुवारीच्या सुमारास ठार मारण्यात आले होते. म्हणजे शिष्य दारात उभा राहिला तेव्हा ती दोघे या जगात नव्हती. मुलगाही त्याच वर्षी गेला. युद्ध संपले आणि १९४६ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात मेस्कितांच्या कामाचे स्मृतिप्रदर्शन भरले. ते भरावे म्हणून धडपडणाऱ्यांत एशर पुढे होता. जमिनीवरून वेचलेले ते कागद आता भिंतीवर मानाने लागले.

आणि त्याच १९४६ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एशरने तांब्याचा पत्रा हाती घेतला. त्याने निवडलेल्या पद्धतीला मेझोटिंट म्हणतात. ही पद्धत फार कष्टाची. जाते गुळगुळीत झाले, की आपण पाथरवटाला बोलावून त्याला टाकी लावून घेतो ना, तशी आधी सबंध तांब्याच्या पत्र्याला टाकी लावायची. दातेरी धारेचे एक अर्धगोल पोलादी हत्यार असते. ते पत्र्यावर डोलवत डोलवत उभे, आडवे, तिरपे पुनःपुन्हा फिरवायचे, की साऱ्या पत्र्यावर अतिबारीक खड्डे आणि कंगोरे उठतात. अशा पत्र्याला शाई चोळून छापले, तर कागद नुसता काळा कुळकुळीत, मखमलीसारखा उमटेल. चित्र काढायला खरी सुरुवात होते ती यानंतर. जेथे उजेड हवा तेथे तो खरखरीतपणा खरवडायचा आणि घोटायचा. जितके घोटावे तितकी शाई कमी धरते आणि तितका उजेड वाढतो. चित्रकार एरवी पांढऱ्या कागदावर काळे काढतो. येथे काळोखातून घोटून घोटून उजेड काढायचा. या पद्धतीचे तारीख घातलेले सर्वांत जुने चित्र १६४२ सालचे आहे, आणि ते करणारा लुडविग फॉन झीगन त्या वेळी ॲमस्टरडॅममध्येच राहत होता.

एशरच्या या पत्र्यांपैकी एकाचे नाव आहे ‘डोळा’. दाढी करण्याच्या मोठे दाखवणाऱ्या आरशात त्याने स्वतःचा डोळा पाहिला आणि तो पापणीच्या केसांसकट, कातडीच्या सुरकुत्यांसकट तांब्यात उतरवला. बुबुळाच्या मध्यभागी, जेथे समोरच्या माणसाचे प्रतिबिंब दिसावे, तेथे एक कवटी आहे. मृत्यू आपणां सर्वांकडेच पाहत असतो, असा त्याचा आशय. मास्तरांच्या त्या उघड्या दारात जे डोळ्यांनी पाहिले तेच या डोळ्यात उतरले असेल का? हा माझा नुसता तर्क. पण ते चित्र पाहताना हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. दोन वर्षांनी केलेला ‘दवबिंदू’ अगदी वेगळ्या मनःस्थितीतला. एक जाडसर मांसल पान, त्यावर दवाचा एकच थेंब, आणि त्या थेंबात खोलीच्या खिडकीचे प्रतिबिंब. आपण शेताच्या बांधावरून जाताना असे शेकडो थेंब पायाखाली घालतो. १९५१ पर्यंत असे आठ पत्रे झाले. मग त्याने हे काम थांबवले. त्यात लागणारा वेळ त्याला परवडेना.

आणि वेळ परवडेना याला आणखीही कारण होते. आता लोक त्याच्या ठशांची मागणी करू लागले होते. पन्नाशी उलटेपर्यंत नुसत्या ठशांवर त्याचे घर चालले नव्हते. १९५१ साली अमेरिकेतल्या मोठ्या साप्ताहिकांनी त्याच्यावर लेख छापले. १९५४ साली ॲमस्टरडॅमला जगभरच्या गणितज्ञांची परिषद भरली आणि तिच्या निमित्ताने त्याच्या ठशांचे प्रदर्शन मांडले गेले. गणितात जन्मभर कच्चा राहिलेल्या माणसाची चित्रे पाहायला गणिताचे पंडित लोटले! त्यांत रॉजर पेनरोझ नावाचा एक तरुण विद्यार्थी होता. पुढे २०२० साली त्याला पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते ठसे पाहून त्याने आणि त्याच्या वडिलांनी, कागदावर काढता येतो पण प्रत्यक्षात बांधता येत नाही, अशा एका जिन्याची कल्पना केली आणि १९५८ साली ती प्रसिद्ध केली. तिच्यावरून एशरने १९६० साली ‘चढ आणि उतार’ हा शिळाछाप केला. वाड्याच्या गच्चीवर चौफेर जिना आहे आणि त्यावरून जोगी रांगेने चढताहेत. चढता चढता पुन्हा निघाल्या जागीच येताहेत. वडिलांना मुलाकडून घरे बांधून हवी होती. मुलाने घरे बांधली खरी, पण जगातल्या कोणत्याही गवंड्याला बांधता न येणारी!

१९६९ साली त्याने ‘साप’ हा शेवटचा लाकडी ठसा कोरला. २७ मार्च १९७२ रोजी तो वारला. साडेचारशेच्या आसपास ठसे त्याच्या नावावर आहेत. हेग शहरातल्या एका जुन्या राजवाड्यात २००२ साली त्याच्या कामाचे कायमचे प्रदर्शन उघडले.

श्रोतेहो, एका ठशासारखा दुसरा ठसा काढता येतो, तसे माणसाचे होत नाही. मेस्कितांनी आपल्यासारखा दुसरा मेस्किता तयार करण्याचा हट्ट धरला नाही. त्यांनी मुलाच्या बगलेतले कागद सोडवून पाहिले, आणि हेच करीत राहा, एवढे सांगितले. त्याची परतफेड पंचवीस वर्षांनी शिष्याने केली. मास्तरांचे तुडवलेले कागद त्याने गुडघ्यावर बसून वेचले.

निकालाचे दिवस दरवर्षी येतात. नापासांच्या यादीतला एखादा मुलगा वर्गाबाहेर रेंगाळतो, त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर काहीबाही चितारलेले असते. बहुधा ते फारसे काही नसतेही. पण पाहायला पाच मिनिटे लागतात. ती वही एकदा मागून घ्यावी, एवढेच मला आज आपल्याला सांगायचे होते.